गवताच्या मुलखातली कऱ्हा

पुण्याच्या मार्केट यार्डात पुरंदरचा माल हंगामाप्रमाणे हजर होतो. पावसाळ्यात मटारची पोती, पाठोपाठ सीताफळे, थंडीत खट्टा बहाराचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मीठा बहाराचे अंजीर. 2016 साली या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले. गाळ्यासमोर उभे राहिलेले गिऱ्हाईक भाव विचारते, गोडी विचारते. पण हा माल कोणत्या नदीच्या खोऱ्यातला, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती नदी म्हणजे दिवे घाटापलीकडची कऱ्हा.

कऱ्हा पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरात, गराड्याच्या परिसरात उगम पावते. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि ही नदी वाहू लागली, अशी आख्यायिका आहे. सासवडला संगमेश्वराच्या पायाशी तिला चांबळी मिळते. पुढे जेजुरीजवळ नाझरे धरणात ती क्षणभर विसावते. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी स्नानाला येते ती याच नदीवर. मोरगावच्या मयूरेश्वराजवळून आणि बारामती शहरातून जाऊन ती सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि मग बंगालचा उपसागर. आचार्य अत्र्यांनी तर आपल्या आत्मचरित्रालाच ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले.

पण या पाण्याची मुळातच वानवा. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येईतो रिता झालेला असतो. अशा पर्जन्यछायेत दाट रान वाढत नाही. वाढते ते गवत, आणि अधूनमधून बाभळी-बोरी. रशियातील स्टेप म्हणजे अशीच अफाट गवताळ मैदाने. तेथील डॉन ही सुमारे 1870 किलोमीटरची नदी वसंतात बर्फ वितळले की फुगते आणि मग बराच काळ रोडावते. कऱ्हेला बर्फ नाही. तिचा वसंत म्हणजे परतीचा पाऊस. आकाराने दोघींची तुलनाच नको, पण स्वभाव एक: थोड्या दिवसांत मिळालेल्या पाण्यावर वर्ष काढायचे.

ते वर्ष निघते गवतामुळे. गवताची मुळे माती धरून ठेवतात, पाणी जमिनीत मुरू देतात, आणि मुरलेले पाणी विहिरींना व ओढ्यांना सावकाश पोचते. याच माळावर धनगरांची मेंढरे चरत आली. लांडगा आणि चिंकारा यांचेही हेच घर. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र मात्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर! बाकीच्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो. एकदा जमीन पडीक ठरली, की ती खणायला, सपाट करायला, विकायला कोणाचीच हरकत राहत नाही.

पाण्याची तूट आता यंत्रे भरून काढतात. पुरंदर उपसा सिंचन योजनेतून मुळा-मुठेचे पाणी पंपांनी डोंगरावर चढविले जाते. पुणे शहराने वापरून सोडलेले पाणी असे घाट चढून शेतात जाते, आणि भाजीपाल्याच्या रूपाने पुन्हा शहरात उतरते. शेतकऱ्याला या पाण्याने आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पंपांना वीज लागते, विजेचे बिल लागते. आणि त्या पाण्यातून शहराची घाणही शेतापर्यंत पोचते.

दुसरा धडा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मिळाला. त्या रात्री डोंगराच्या अलीकडे आंबिल ओढ्याने पुण्यात माणसे व घरे वाहून नेली, आणि पलीकडे कऱ्हेला महापूर आला. बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावे लागले. एरवी कोरडी दिसणारी नदी आपले पात्र विसरत नाही. विसरतो ते आपण.

तेव्हा प्रश्न केवळ आणखी पाणी आणण्याचा नाही. पडलेला पाऊस माळावरच थोपविण्याचाही आहे. काही माळ चराईसाठी ठेवावेत, ओढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, आणि सातबाऱ्यावरील ‘पडीक’ या शब्दाकडे जरा संशयाने पाहावे. कऱ्हेचे पाणी पात्रात दिसण्याआधी गवतात साठते. तो साठा मोडला, तर कितीही पंप बसविले तरी तिची तहान भागणार नाही.