नव्या सिस्टीमवर जुनी साधने
भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहराला जुन्या मागालाच नवे जोड बसवण्याचा मार्ग परिचित आहे, आणि 2017 च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत त्यासाठी अनुदानही होते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र असे जोडकाम नेहमीच साधते असे नाही. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट, म्हणजे प्रोग्राम घडवण्यासाठी लागणारे कंपायलर, लायब्ररी आणि चाचणीची साधने यांचा संच, ठरावीक ऑपरेटिंग सिस्टीम गृहीत धरून रचलेला असतो. डॉसकाळातील 16 बिटांची साधने 64 बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि 2021 मध्ये आलेली विंडोज 11 तर केवळ 64 बिटांचीच असल्याने तेथे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभारलेला संगणकातला संगणक, हा खात्रीचा मार्ग ठरतो. त्यात बसवलेल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने ती इंटरनेटपासून तोडलेलीच बरी.