जिल्ह्याचा सरकारी वकील, मुंबईची निवड
(लेखमाला : न्यायालयाच्या आवारात, लेखांक 7)

मागील लेखात तपास दोषारोपपत्रापर्यंत कसा पोहोचतो ते पाहिले. तेथून पुढे सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलाच्या हाती जातो. मृताच्या नातेवाइकांनी स्वतःचा वकील दिला तरी तो फक्त साहाय्य करू शकतो. म्हणून साताऱ्यात किंवा सांगलीत या पदावर कोणाची वर्णी लागते, हा केवळ वकील मंडळींच्या कुतूहलाचा विषय नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 24 व्या कलमाने त्यासाठी एक तोल साधला होता. नेमणूक राज्य सरकारने करायची, पण नावांची यादी जिल्हादंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार करायची आणि त्या यादीबाहेर सरकारने जायचे नाही. महाराष्ट्राने 1981 मध्ये दुरुस्ती करून नेमका हा विचारविनिमय काढून टाकला. त्या जागी आले ‘राज्य सरकारच्या मान्यतेने’. म्हणजे निवडणारेही सरकार आणि निवडीसाठीच्या यादीला मान्यता देणारेही सरकार. एवढ्या मोठ्या बदलाची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

माझे म्हणणे असे की, नेमणुकीचा अधिकार राज्याकडे असण्याला हरकत नाही. पण उमेदवाराची पारख जिल्ह्यातच व्हायला हवी. साक्षीदाराची सरतपासणी कोण नीट घेतो, फितूर साक्षीदार कोणाला हाताळता येतो, तारखांवर तारखा कोण मागतो, हे रोज पाहणारा माणूस सत्र न्यायाधीश असतो. मंत्रालयातल्या फायलीत यातले काही उमटत नाही. तिथे शिफारसपत्र उमटते.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्याच्या शिफारशीने पद मिळाले त्या न्यायाधीशासमोरच सरकारी वकील मिंधा होईल. हे खरे ठरले असते, जर न्यायाधीशाचा शब्द अंतिम असता. मत नोंदवणे वेगळे आणि नेमणूक करणे वेगळे. 2004 मध्ये उत्तर प्रदेशातील जोहरी मल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा निवडीचा अधिकार मान्य केला. मात्र जिल्हा न्यायाधीशांच्या मताला वजन द्यावे, हेही बजावले. याहून वजनदार आक्षेप स्थानिक राजकारणाचा आहे. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद ज्यांच्या भोवती फिरते, त्यांच्याच हाती सरकारी वकीलही जाईल, ही भीती कृष्णाकाठी कोणी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हे पद स्थानिक निवडणुकीने भरतात, आणि तिथेही फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी 2022 मध्ये टॅम्पाच्या निवडून आलेल्या अभियोक्त्याला निलंबित केलेच. तशी निवडणूक आपल्याकडे कोणी मागत नाही, मागूही नये. पण ज्या नेत्यांची भीती वाटते, त्यांची वाट आजही मुंबईवरूनच जाते.

मग मोठ्या खटल्यांत बाहेरचा वकील का आणावा लागतो? साताऱ्यात वाई-धोम हत्याकांडाचा खटला आणि सांगलीत 2017 च्या पोलीस कोठडीतील मृत्यूचा खटला, दोन्हींसाठी उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमण्यात आले. कोठडीतील मृत्यूत आरोपी पोलीसच असल्याने, रोज पोलिसांबरोबर काम करणाऱ्याऐवजी बाहेरचा माणूस हवा, ही मागणी रास्तच होती. परंतु ही सोय अपवादासाठी आहे, आणि विशेष वकील ठरवणारेही सरकारच असते. निकम यांनी 2024 मध्ये भाजपतर्फे लोकसभा लढवली, ते हरले आणि लगेच त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून पुन्हा नेमणूक झाली. त्यांच्या कसबाबद्दल वाद नाही. पण लोकांच्या विश्वासाचा भार एका नावावर टाकला, की त्या नावाच्या राजकारणाची झळ खटल्याला लागते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 18 व्या कलमात सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमयाची तरतूद पुन्हा आली आहे. 20 व्या कलमाने जिल्हा अभियोग संचालनालयाचीही सोय केली आहे; मात्र संचालक गृह विभागाच्या, म्हणजे पोलिसांच्याच खात्याच्या, प्रशासकीय नियंत्रणाखाली राहतो. 1995 मध्ये शहाणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाच सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्यापासून वेगळे करायला सांगितले होते. तेव्हा साताऱ्यात वा सांगलीत नव्या कार्यालयाची पाटी लागली, एवढ्यावर समाधान मानू नये. सत्र न्यायाधीशांचे मत लेखी घेतले का, ते डावलले असल्यास कारण नोंदवले का, आणि ती नोंद माहिती अधिकारात मिळते का, हे प्रश्न दोन्ही जिल्ह्यांच्या वकील संघटनांनी पुढच्या नेमणुकीआधीच विचारावेत.