पिवळे ठिपके, निळे ठिपके आणि न दिसणारा हिरवा

शाळांमध्ये चित्रकलेच्या तासाला हल्ली ठिपक्यांचं चित्र हमखास असतं. कान साफ करायची कापसाची काडी पोस्टर कलरमध्ये बुडवायची आणि पेन्सिलीनं काढलेला मासा, फूल नाहीतर डोंगर ठिपक्यांनी भरून काढायचा. मुलं रमतात, हातही बसतो. या उपक्रमासोबत एक वाक्य मात्र न तपासता पुढे चालत आलं आहे: पिवळे आणि निळे ठिपके शेजारी शेजारी द्या, लांबून हिरवा दिसेल. अल्ट्रामरीनसारखा गर्द निळा घेऊन वर्गानं हे खरोखर करून पाहिलं, तर हिरवा दिसत नाही. दिसतो तो मळकट राखाडी.

हा प्रयोग फसलेला नाही. उलट, मुलांना खरं काही शिकवायची संधी इथेच आहे.

वाटीत दोन रंग कालवले की प्रत्येक रंग प्रकाशातला आपापला वाटा गिळतो. पिवळा निळ्या प्रकाशाला खातो, निळा तांबड्याला खातो आणि दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणारी मुलं जे रंगचक्र शिकतात ते या कालवण्याचं आहे. ठिपके शेजारी असले की कुणी कुणाचं काही खात नाही. दोन्ही ठिपक्यांवरून परतलेला प्रकाश डोळ्यात जाऊन एकत्र होतो. पिवळ्यात तांबडा आणि हिरवा प्रकाश असतोच, त्यात निळा मिळाला की बेरीज रंगहीन होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1852 मध्ये पिवळा आणि निळा प्रकाश एकत्र करून पांढरा मिळतो हे दाखवलं होतं. कागदावर तो पांढरा न दिसता राखाडी दिसतो, कारण दोन ठिपक्यांच्या तेजाची इथे सरासरी होते.

ठिपक्यांनी चित्र रंगवण्याच्या शैलीचा जनक, चित्रकार जॉर्ज सोरा हे सगळं अभ्यासून होता. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डन रूड यांचं रंगशास्त्रावरचं पुस्तक 1881 मध्ये फ्रेंचमध्ये आलं. वाटीतलं मिश्रण आणि डोळ्यातलं मिश्रण यांतला फरक त्यात सविस्तर मांडलेला आहे. सोरानं ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचं भव्य चित्र 1884 ते 1886 या काळात रंगवलं. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असलेलं हे चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पूर्ण झालं तेव्हा सोरा 26 वर्षांचा होता. त्यातली हिरवळ नीट पाहावी. हिरवा मिळवण्यासाठी त्यानं पिवळ्या-निळ्यावर भिस्त ठेवलेली नाही. हिरवे रंगच वापरले आहेत. त्यांच्यात उन्हासाठी पिवळे-नारिंगी आणि सावलीसाठी निळे ठिपके विखुरले आहेत. यातला झिंक यलो काही वर्षांतच तपकिरी पडला, त्यामुळे त्यानं रंगवलेलं ऊन आज आपल्याला जसंच्या तसं दिसत नाही, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे.

सोराचा दुसरा आधार रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे चित्रजवनिका विणल्या जात, तिथे ते रंगाई विभाग सांभाळत. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा उतरलेला दिसत होता. शेजारचा रंग आपल्या नजरेतला रंग बदलतो, हा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपानं मांडला. वर्गात त्यासाठी घोटीव कागद पुरतो. करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापून एक नारिंगीवर आणि एक निळ्यावर चिकटवला, की नारिंगीवरचा चौकोन निळसर भासू लागतो. मुलं चौकोन सोडवून शेजारी ठेवून पाहतात, तेव्हाच त्यांचा विश्वास बसतो. ठिपके भरायला बसवण्याआधी हे दहा मिनिटांत करून घ्यावं.

मग अंतराचा प्रश्न. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग इतका बारकावा ओळखता येतो. त्या हिशोबानं एक मिलिमीटरचा ठिपका सुमारे साडेतीन मीटरवरून वेगळा दिसेनासा होतो. कापसाच्या काडीचा ठिपका पाच मिलिमीटरचा धरला तर सतरा मीटर लागतात! वर्गाची खोली तेवढी नसते, म्हणून चित्र व्हरांड्याच्या टोकाला लावावं किंवा स्केचपेनचे बारीक ठिपके द्यावेत. मुलांनी स्वतः मागे सरकत सरकत ठिपके कुठे विरतात तिथे खडूनं रेघ मारावी. लाल आणि हिरवा सारख्याच गडदपणाचे घेतले तर ते लवकर मिसळतात, कारण उजेड-अंधाराचा बारकावा डोळा टिपतो तितका नुसत्या रंगाचा टिपत नाही. पिवळा उजळ आणि निळा गडद, म्हणून ते लांबपर्यंत वेगळे राहतात. हमखास जमणारी जोडी हवी असेल तर लाल-पिवळ्याचा नारिंगी आणि लाल-निळ्याचा जांभळा.

महाराष्ट्रातल्या घरांमध्ये ठिपक्यांची चित्रं जुनीच आहेत. राजा रविवर्मांच्या छापखान्यात, जो 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, प्रत्येक रंगासाठी दगडावर वेगळं चित्र तयार होई. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर भिंग धरलं तर त्वचेची छटा बारीक ठिपक्यांनी साधलेली आढळते. आजच्या पडद्यावरचं चित्रही ठिपक्यांचंच असतं: मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा अगदी छोटा थेंब ठेवला, की तोच भिंगाचं काम करतो आणि लाल, हिरवे, निळे कण दिसू लागतात.

वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या एखाद्या झाडाच्या रंगीत छायाचित्रावरही भिंग धरून पाहावं. छपाईच्या शाया चारच असतात: सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. मग झाड हिरवं कसं, असं मुलं विचारणारच. या शाया पारदर्शक असतात. पिवळा आणि सायन ठिपका जिथे एकमेकांवर चढतो, तिथे वाटीतल्यासारखं मिश्रण होऊन गर्द हिरवा उमटतो. जिथे ते नुसते शेजारी पडतात, तिथे फिकट हिरवट झाक तेवढी येते.