चिकूवाडीचं खातं आणि कार्डाचा पैसा

लंडनमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाचं बँकखातं उणे झालं, तर त्याला हमखास एक सल्ला मिळतो: क्रेडिट कार्डावरून पैसे खात्यात वळवा आणि ओव्हरड्राफ्ट मिटवा. तिथे तो चुकीचा नाही. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या वित्तीय नियामकानं ओव्हरड्राफ्टवरचे ठरावीक आकार बंद करून एकच वार्षिक दर लावायला सांगितलं आणि बहुतेक मोठ्या बँकांनी तो ४० टक्क्यांच्या आसपास नेला. काही कार्डं मात्र तीन-चार टक्के शुल्क घेऊन कित्येक महिने बिनव्याजी पैसे देतात. महाग कर्ज फेडायला स्वस्त कर्ज आणायचं, एवढाच तो हिशेब. हाच सल्ला घोलवडच्या चिकूवाडीत आणला, की तो पार उलटतो.

घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागेची मशागत, खत, फवारणी आणि तोडणीची मजुरी बागायतदाराला आधी भरावी लागते, पैसा मागून येतो. मधली पोकळी भरायला किसान क्रेडिट कार्ड आहे. त्याच्या नावात क्रेडिट कार्ड असलं, तरी चालतं ते ओव्हरड्राफ्टसारखं: मर्यादेत हवी तेवढी उचल करायची, व्याज उचलीवरच. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं ४ टक्के आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेत बसलं तर शून्य. बाजारात याहून स्वस्त पैसा नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या कार्डावरून रोख उचलली, तर साधारण अडीच टक्के शुल्क, पहिल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कार्डावरच्या व्याजाची ३० टक्क्यांची मर्यादाही रद्द केली.

यावर बागायतदाराचा बिनतोड वाटणारा प्रश्न असा: नवं-जुनं करायला, म्हणजे मुदतीला जुनं पीककर्ज फेडून नवं उचलायला, पैसा चार दिवसच हवा असतो. खातं भरायचं, नूतनीकरण झालं की पुन्हा उचल करून कार्ड फेडायचं. मुदत चुकून सवलत गेली तर नुकसान मोठं नाही का? आहेच. दोन लाखांवर शून्याऐवजी ७ टक्के म्हणजे वर्षाला १४,००० रुपये. पण कार्डाचं शुल्क जीएसटीसह ५,९०० आणि महिन्याचं व्याज जीएसटीसह ८,२६०. दहा दिवसांत सुटका झाली तर साडेआठ हजारांवर भागतं, म्हणजे पाच हजार वाचतात. महिना लागला तर १४,१६० जातात आणि वाचवलेली सवलत पूर्ण संपते. राज्याची सवलत लागू नसेल, तर वाचणार फक्त तीन टक्के, म्हणजे ६,०००. मग दहा दिवसांचा व्यवहारही तोट्याचा. सगळी मदार नव्या उचलीला किती दिवस लागतात यावर आहे, आणि ते बागायतदाराच्या हाती नसतं. शिवाय रोखीची मर्यादा कार्डाच्या एकूण मर्यादेचा एक भागच असते, त्यामुळे दोन लाख एका कार्डावर क्वचितच मिळतात. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख घेणं हा त्यावरचा तोडगा नव्हे. ती खोटी विक्री आहे, आणि बँक त्यासाठी कार्ड बंद करू शकते.

कार्डाचा खरा उपयोग खरेदीत आहे. खत आणि औषधं कार्डावर घेतली, तर बिलाच्या तारखेप्रमाणे साधारण वीस ते पन्नास दिवस व्याज लागत नाही, मात्र आधीची बाकी शून्य हवी आणि बिल पूर्ण भरायला हवं. या पट्ट्यात चिकू जवळजवळ वर्षभर निघतो. भाताच्या शेतकऱ्यासारखी एकाच हंगामाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून प्रत्येक तोडीचे पैसे किसान कार्डाच्या खात्यात टाकत गेलं, तर व्याज रोजच्या शिलकेवर उतरतं आणि मुदतीच्या तोंडावर भरायची रक्कम छोटी राहते. तरीही अवकाळी पावसानं बहर गेलाच, तर मुदतीच्या आधी बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज करावा. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात बँका पीककर्जाची मुदत वाढवून देऊ शकतात. कार्डाच्या थकबाकीवर मात्र व्याज चढतच राहतं.