कांदा आणि थांबण्याची ताकद

कांद्याच्या भावाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच प्रसंगी होते. भाव कोसळला की शेतकऱ्याच्या नावाने आणि भाव कडाडला की ग्राहकाच्या नावाने. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मात्र ही दोन माणसे पुष्कळदा एकाच घरात राहतात. वैशाखात मिळेल त्या भावाने कांदा विकणारे कुटुंब दिवाळीच्या तोंडावर तोच कांदा किलोकिलोने विकत घेते. या उलाढालीत घराचे किती नुकसान होते, याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

या भागात कांद्याचे मुख्य प्रकार दोन. पावसाळ्यात लावलेला हळवा कांदा दिवाळीच्या आगेमागे निघतो. त्यात पाण्याचा अंश अधिक असल्यामुळे तो फार टिकत नाही. मार्गशीर्ष-पौषात लावलेला गरवा कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि नीट राखला तर चार ते सहा महिने टिकतो. म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत सारा महाराष्ट्र गरव्या कांद्याच्या साठ्यावर जगतो. एकाच वेळी सर्वांचा माल निघाल्यामुळे काढणीच्या दिवसांत भाव पडतो आणि साठा आटू लागला की चढतो. हे चक्र जुनेच आहे.

मग शेतकऱ्याने कांदा साठवून का ठेवू नये? प्रश्न सोपा वाटतो. हिशेब तितका सोपा नाही. वाळणे, सडणे आणि कोंब येणे या तीन वाटांनी चार-पाच महिन्यांत साठ्याचा तिसरा हिस्सा सहज जातो. वैशाखात दहा रुपये किलो भाव असेल, तर आश्विनात पंधरा रुपये मिळाले तरच शेतकरी मूळ ठिकाणी परत येतो. त्यात मजुरी नाही, अडकलेल्या रकमेचे व्याज नाही. आणि भाव चढला की शासन जागे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क पूर्णतः जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. तात्पर्य, विक्रीसाठी साठवण करणारा शेतकरी निसर्गाशी आणि शासनाशी एकाच वेळी जुगार खेळत असतो.

घरापुरत्या साठवणीचे अर्थशास्त्र मात्र निराळे आहे. विक्रीच्या कांद्याचे मोल बाजार समितीतील लिलावात ठरते. घरात खाल्लेल्या कांद्याचे मोल ठरते ते किरकोळ दुकानातील भावाने. त्यात अडत, हमाली, वाहतूक आणि मधल्या साऱ्यांचा नफा मिळालेला असतो. हा सगळा बोजा घरचा कांदा वाचवतो. म्हणूनच ज्या वर्षी विक्रीसाठी साठवण तोट्याची ठरते, त्या वर्षीही घरापुरती साठवण बहुधा परवडते.

त्यासाठी जागा किती लागते? पाच माणसांच्या घरास महिना सहा किलो कांदा धरला, तर वैशाख ते दिवाळी सुमारे चाळीस किलो लागेल. तिसरा हिस्सा नासाडी गृहीत धरता साठ किलो पुरेत. हेक्टरी वीस टन उतारा धरल्यास गुंठ्याला दोनशे किलो होतात. म्हणजे परसातील तिसरा हिस्सा गुंठा पुरेसा आहे. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशातही एवढ्या तुकड्याला पाणी देणे अनेक घरांना अशक्य नसते. पण नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात ऊस घराच्या भिंतीपर्यंत येऊन टेकला आणि परसबाग मागे हटली, ही वस्तुस्थिती आहे.

कांदा टिकणे न टिकणे हे पुष्कळसे शेतातच ठरते. टिकाऊपणासाठी एन-२-४-१ हे जुने वाण प्रसिद्ध आहे; राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संस्थेने भीमा शक्ती, भीमा किरण ही रब्बीची वाणे दिली आहेत. लागणीनंतर दोन महिन्यांनी युरिया देऊ नये. कांदा फुगतो, पण मान जाड होते आणि तो सडतो. काढणीपूर्वी पंधरा दिवस पाणी तोडावे. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की कांदा उपटावा आणि एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर येईल असा तीन दिवस शेतात सुकवावा. इंच-दीड इंच मान राखून पात कापावी आणि पुढे दहा-बारा दिवस सावलीत वाळवावा. जोड कांदे, डेंगळे आणि जाड मानेचे कांदे आधी खाऊन टाकावेत. उरलेले साठ किलो एका बाजेएवढ्या बांबूच्या माचावर वीतभराहून कमी थरात मावतात. खालून वारा खेळावा, वर उसाच्या पाचटाचे छप्पर असावे आणि पंधरवड्याने एकदा सडका कांदा वेचून काढावा. हे काम घरातील बायकाच करतात, आणि त्याची मजुरी कोणी धरीत नाही. हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर तीही धरली पाहिजे.

तथापि ज्याला परसच नाही, त्याचे काय? वैशाखात दुसऱ्याच्या रानात कांदा काढणारी मजूर बाई आश्विनात तो चढ्या भावाने घेते. तिला कांदा पिकवता येणार नाही. पण वाळलेल्या गरव्या कांद्याची एक गोणी वैशाखातच घेता आली, तर तिचाही माच भरेल. अडते ते त्या वेळी हाती नसलेल्या रोख रकमेपाशी. याच बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि कर्जरोखे हिसकावून घेतले. पीक हाती येताच ते द्यावे लागणे, थांबण्याची ऐपत नसणे, हे त्या असंतोषाच्या मुळाशी होते. आज सावकाराची ती सत्ता उरली नाही. थांबण्याची ऐपत मात्र अजूनही सर्वांना आलेली नाही.

शासनाच्या कांदाचाळ अनुदानाची भाषा टनांची आहे आणि व्यापारी पिकासाठी ती योग्यही आहे. परंतु साठ किलोंच्या माचाला ना अनुदान लागते, ना मोठी योजना. गावोगावच्या महिला बचत गटांनी वैशाखात एका गोणीपुरते कर्ज द्यावे, त्याची फेड दिवाळीपर्यंत हप्त्यांनी घ्यावी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी माच बांधण्याची रीत शिकवावी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. कांद्याचा राष्ट्रीय प्रश्न याने सुटणार नाही. पण ज्या हातांनी कांदा काढला, त्या घरात तो दिवाळीपर्यंत राहील.