एका पावलाला दहा लाख वर्षं

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून एक फरसबंद पायवाट निघते. बहुतेक पर्यटक कठड्याला टेकून फोटो काढण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे पायाखाली काय आहे याकडे अनेकांचं लक्षच जात नाही. या वाटेवर दर मीटरला धातूची एक खूण बसवलेली आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जरा लांब टांग टाकली की आपण दहा लाख वर्षं मागे. 'काळाची वाट' म्हणून २०१० मध्ये खुल्या झालेल्या या वाटेचा मुख्य भाग सुमारे दोन किलोमीटरचा आहे. दरीच्या पोटातून वर आणलेले खडक आपापल्या वयाच्या खुणेपाशी मांडून ठेवलेत, आणि त्यांना खुशाल हात लावता येतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येचं वाळवंट आठवड्याभरात गाडीनं पालथं घालायला निघालेल्या प्रत्येकानं सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. इथे चालल्याशिवाय पुढच्या उद्यानांमधलं नातं कळत नाही.

आपली माणसाची जात सुमारे तीन लाख वर्षांची. ती पहिल्या मीटरच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच आटोपते. पाच-सहा पावलांवर कोलोरॅडो नदी ही दरी कोरायला घेते. ६६व्या मीटरवर डायनोसॉर संपतात, आणि त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरत असतात. सह्याद्रीचा काळा कातळ या खुणेचा. मग चालत राहायचं. शंभर, दीडशे, दोनशे. या दरीतला खडक मात्र अजून लागलेला नसतो. तो भेटतो २७० मीटरच्या आसपास. कायबॅब चुनखडक त्याचं नाव, आणि आपण ज्या कड्यावर उभे आहोत तो याच खडकाचा आहे. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड आज समुद्रसपाटीपासून २,१०० मीटर उंचीवर उन्हात तापतोय. पश्चिमेकडचे काही तरुण लाव्ह्याचे ओघळ सोडले, तर गेल्या २७ कोटी वर्षांचा खडक ग्रँड कॅन्यनमध्ये जवळपास उरलेलाच नाही. वरचे थर एके काळी इथेही होते. ते झिजले आणि नदीबरोबर निघून गेले.

पण उत्तरेला यूटा राज्यात तेच थर अजून जागेवर आहेत. ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर जे २७० मीटर रिकामे राहतात, ते झायन आणि ब्राइस कॅन्यनमध्ये भरून निघतात. एका उद्यानाचं गच्चीवरचं छत दुसऱ्याच्या तळघराखाली जातं, दुसऱ्याचा माथा तिसऱ्याच्या पायथ्याला. नकाशावर वेगवेगळे रंगवलेले हे हिरवे ठिपके म्हणजे एकाच दगडी उतरंडीचे मजले आहेत, हे कळल्यावर प्रवासाची गंमतच बदलते.

आधी तळाकडे बघू. दरीच्या अगदी खाली, नदीच्या दोन्ही बाजूंना काळपट, उभ्या रेषांचा, चमक असलेला खडक दिसतो. वय सुमारे १७५ कोटी वर्षं, नाव विष्णू शिस्ट. हो, आपलाच विष्णू. क्लेरन्स डटन या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं १८८० च्या सुमारास इथल्या उत्तुंग शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली. विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल ही शिखरांची नावं आजही नकाशावर आहेत. पुढे तळाच्या खडकांनाही विष्णू, ब्रह्मा आणि रामा ही नावं मिळाली. यातला ब्रह्मा आणि रामा शिस्ट मुळात ज्वालामुखीचा, तर विष्णू शिस्ट समुद्रात साचलेल्या गाळाचा. नंतर जमिनीखाली काही किलोमीटर खोल, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली त्यांचं रूप पार पालटलं. मराठी माणूस इथे आला की या नावांपाशी हमखास थबकतो. मीही थबकले.

विष्णू शिस्टच्या उभ्या रेषांवर टॅपीट्स वालुकाश्माचे आडवे थर थेट टेकलेले असतात, आणि तो वालुकाश्म जेमतेम ५० कोटी वर्षांचा आहे. दोन खडकांमधली सांध्याची रेघ बोटानं झाकता येईल इतकी बारीक असते, पण त्या रेघेत सुमारे १२० कोटी वर्षं हरवली आहेत. एवढ्या काळात इथे डोंगर उभे राहिले, झिजून सपाट झाले, आणि मग समुद्र त्यांच्यावर चढून आला. पृथ्वीच्या एकूण वयाचा चौथा हिस्सा, आणि त्याचा पुरावा म्हणून फक्त एक रेघ! जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ मध्ये लाकडी होड्यांमधून ही नदी पहिल्यांदा पार केली, तेव्हाच ही विसंगती त्यांच्या नजरेत भरली होती. यादवी युद्धात त्यांचा उजवा हात गेलेला होता. एका हातानं कडे चढून त्यांनी खडकांची निरीक्षणं केली. दहा माणसांनिशी निघालेली ही मोहीम तीन महिन्यांनी संपली, तेव्हा सहाच जण उरले होते.

दक्षिण कड्यावरून समोरचा उत्तर कडा सरळ रेषेत सोळा किलोमीटरच्या आसपास. गाडीनं मात्र ३४० किलोमीटरचा वळसा. हा वळसा मुळीच वाया जात नाही. कॅमेरॉनवरून नॅव्हाहो लोकांच्या भूमीतून रस्ता उत्तरेला जातो आणि मार्बल कॅन्यनपाशी १९२९ चा नॅव्हाहो पूल लागतो. जुन्या पुलावर आता पायी फिरता येतं. खाली १४० मीटरवर नदी. जवळच लीज फेरीला एक भारी गोष्ट बघायला मिळते. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर ज्याच्यावर उभं राहून आपण खाली डोकावत होतो, तो कायबॅब चुनखडक इथे नदीच्या पाण्यालगत आलेला असतो. थर इकडे कलले आहेत, म्हणून छत जमिनीला टेकलंय. इथून पुढे डोक्यावर जे जे दिसेल, ते सगळं २७० मीटरच्या अलीकडचं.

पुलाच्या लोखंडी तुळयांवर कधीकधी कॅलिफोर्निया कॉन्डर बसलेले असतात. पंखांचा पसारा जवळपास तीन मीटर, आणि पंखांवर ओळखीसाठी आकडे लावलेले. १९८२ मध्ये जगात हे पक्षी २२ च उरले होते. सगळे पकडून, पिंजऱ्यात वाढवून, १९९६ पासून इथल्या व्हर्मिलियन कड्यांवर सोडायला सुरुवात झाली. आपली गिधाडं जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गेली. इथल्या कॉन्डरना शिकारीच्या गोळ्यांमधलं शिसं मारतं. मेलेलं जनावर खाणाऱ्या पक्ष्याला माणसानं त्या जनावरात काय सोडलंय हे कळत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

व्हर्मिलियन कड्यांपासून उत्तरेकडे कड्यांच्या पायऱ्या चढत जातात: चॉकलेटी, शेंदरी, पांढरी, करडी आणि गुलाबी. 'ग्रँड स्टेअरकेस' या नावानं ही रचना ओळखली जाते. पांढऱ्या पायरीवर झायन, गुलाबीवर ब्राइस.

झायनचे कडे नॅव्हाहो वालुकाश्माचे आहेत आणि काही ठिकाणी या थराची जाडी ६०० मीटरच्या पुढे जाते. ही सगळी वाळू एके काळची वाऱ्यानं उडालेली आहे. साधारण १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी इथे टेकड्याच टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. पूर्वेच्या दारातून आत शिरताना चेकरबोर्ड मेसा नावाचा डोंगर लागतो, तिथे गाडी थांबवून खडकाला नाक लावून बघावं. तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. वाऱ्यानं वाळूच्या टेकडीच्या उतारावर टाकलेला एकेक थर म्हणजे त्यातली एकेक रेघ. रेघांचा कल बघून त्या काळी वारा कुठून कुठे वाहत होता तेही सांगता येतं. डायनोसॉरच्या काळातला वारा, आजही दिशा दाखवणारा!

आणि ही वाळू आली कुठून? तिच्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण सापडतात, आणि त्यातल्या युरेनियमवरून कणाचं वय काढता येतं. अ‍ॅरिझोनातल्या शास्त्रज्ञांनी ते काढलं, तेव्हा बऱ्याचशा कणांची वयं खंडाच्या पार पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन पर्वतांशी जुळली. म्हणजे तिकडचे डोंगर झिजले, महानद्यांनी ती वाळू अख्खा खंड ओलांडून पश्चिमेला आणून टाकली आणि वाऱ्यानं इथे तिच्या टेकड्या रचल्या. झायनच्या कड्याला हात लावला की आपण हजारो किलोमीटर लांबच्या एका झिजलेल्या पर्वतरांगेला हात लावत असतो.

या कड्यांमधून पाणी पाझरतं. पावसाचं, बर्फाचं पाणी सच्छिद्र वालुकाश्मात मुरतं आणि सावकाश खाली उतरतं. खाली कायेंटा नावाचा चिकणमातीचा, पाणी न सोडणारा थर लागला की त्याला आडवं वळावं लागतं, आणि ते कड्याच्या तोंडाशी ठिबकायला लागतं. उद्यानाचे जाणकार सांगतात, की यातलं काही पाणी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आकाशातून पडलेलं आहे. त्या ओलीवर नेचे आणि रानफुलांचे झुलते बगिचे उभ्या भिंतीवर वाढतात. चारी बाजूंना निवडुंग असताना.

तिथेही जुलै ते सप्टेंबर मान्सून असतो आणि त्याला मान्सूनच म्हणतात. कोकणासारखा धो धो नाही, दुपारची एखादी सर. पण कातळावर पाणी मुरत नाही, ते घळींकडे धावतं, आणि डोक्यावर निरभ्र आकाश असताना लांबच्या सरीचा लोंढा अरुंद घळीत घुसतो. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात सात जण दगावले. झायनच्या नॅरोज या अरुंद घळीत नदीच्या पात्रातून चालायचं असेल, तर सकाळी रेंजरकडे पुराचा अंदाज विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. याला अपवाद नाही.

ब्राइस तिथून दोन तासांवर, पण कितीतरी उंच आणि गार. करड्या आणि गुलाबी पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी सह्याद्रीच्या लाव्ह्याचा काळ मागे पडतो. ब्राइसचा गुलाबी खडक त्यानंतर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, सरोवरांच्या तळाशी साचला. कड्यावरून खाली पाहिलं की हजारो सुळके दिसतात, नारिंगी, गुलाबी, पांढरे. लोखंडाच्या गंजानं दिलेले रंग. त्यांना हूडू म्हणतात. हे नदीचं काम नाही. उंची २,४०० मीटरच्या वर असल्यानं वर्षातले दीडशेहून अधिक दिवस असे असतात, की रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली की तडकते. फटीतलं पाणी गोठताना दगडाचं तेच करतं, वर्षानुवर्षं, रोज रात्री थोडंथोडं. आधी कड्याच्या भिंती सुट्या होतात, मग त्यांना खिडक्या पडतात, मग छत कोसळतं आणि खांब उरतात. ज्याच्या डोक्यावर कठीण दगडाची टोपी टिकली तो सुळका टिकतो. कडाही दर शतकाला काही फूट मागे सरकतोय.

पायूट लोकांची कथा अशी, की हे सगळे पूर्वी माणसांसारखे दिसणारे जीव होते, वाईट वागले म्हणून कोयोटीनं त्यांना दगड केलं. नवरा-नवरी म्हणून ओळखले जाणारे सुळके आपल्याकडेही आहेत. पहाटे सनराइज पॉइंटला उभं राहिलं, की ही कथा पटायला काहीच वेळ लागत नाही.

ब्राइसहून पूर्वेला जाणारा बारा नंबरचा रस्ता मी पाहिलेल्या सर्वांत सुंदर रस्त्यांपैकी एक आहे. त्यावर घाई करू नये. वाटेत कॅपिटॉल रीफला थर एकदम वाकून जमिनीत घुसलेले दिसतात, ती घडी सुमारे १६० किलोमीटर लांब आहे. एका दिवसात तिचा अंदाज येतो, त्याहून जास्त काही नाही.

मोआब गावाजवळच्या आर्चेसमध्ये मात्र दोन दिवस हवेतच. राजगडावरच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या कुणालाही हे उद्यान लगेच आपलं वाटेल: इथे दोन हजारांहून अधिक नेढी आहेत. एवढी इथेच का, याचं उत्तर जमिनीखाली आहे. काळाच्या वाटेवर ३०० मीटरच्या आसपास इथे एक समुद्र होता, तो पुन्हा पुन्हा भरला आणि आटला. मागे राहिलं हजारो फूट जाडीचं मीठ. त्यावर पुढचे सगळे थर साचले, आणि त्या भाराखाली मीठ सरकू लागलं, कारण पुरेसा दाब पडला की मीठ घन राहूनही वाहतं. जिथे ते फुगून वर आलं तिथे वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांमध्ये पाणी शिरलं, त्या रुंदावल्या, आणि मध्ये उंच, पातळ भिंती उरल्या. भिंतीच्या पायाशी दगड मऊ असेल तर तिथे खळगा पडतो, तो आरपार जातो आणि नेढं उघडतं.

इथे वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, फुगीर मातीवर पाय देऊ नका. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरियांचे चिकट धागे, शेवाळ आणि दगडफूल मिळून वाळूचे कण बांधून ठेवतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, आणि बी रुजायला जागा करतात. एका बुटाच्या दाबानं मोडलेली ही साय सावरायला दशकं लागतात.

लँडस्केप आर्चचा विस्तार सुमारे ९० मीटर, आणि सर्वांत बारीक जागी तिची जाडी जेमतेम दोन मीटर. १९९१ मध्ये तिच्या पोटातून १८ मीटर लांबीची शिळा निखळली. खाली बसलेल्या लोकांना आधी कडकड ऐकू आली, म्हणून ते वेळीच पळाले. तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे. ऑगस्ट २००८ मध्ये त्याच पायवाटेवरची वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. नव्या कमानीची नोंद करण्यासाठी उद्यानाचा नियम साधा आहे: भोक एका दिशेनं किमान तीन फूट हवं. भिंतींमधले लहान खळगे रेंजर दाखवतात. त्यातल्या काहींतून पलीकडचा उजेड आत्ताच दिसायला लागलाय, फक्त तीन फूट भरलेले नाहीत.