शाखेच्या इतिहासाचे पुनर्लेखन : पर्याय व निकष

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी २००५ साली सिद्ध केलेली गिट ही आवृत्ती-नियंत्रणाची प्रणाली आता संशोधनक्षेत्रातही रूढ झाली आहे. तीत शाखेचा इतिहास ‘बदलण्याचे’ अनेक मार्ग असल्याने अभ्यासकाचा संभ्रम होतो. त्यांपैकी कोणता केव्हा स्वीकारावा, याचे दिग्दर्शन करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. गिटमधील प्रत्येक नोंदीस, म्हणजे कमिटला, गणिताने काढलेली एक ओळखखूण असते. फायलींची स्थिती, लेखक, वेळ व संदेश यांच्याबरोबरच आधीच्या नोंदीची ओळखखूणही या गणनेत अंतर्भूत होते. साहजिकच मधली एक नोंद बदलली की पुढील सर्व नोंदींच्या खुणा बदलतात. वस्तुतः जुनी नोंद कधीच बदलत नाही. तिच्या शेजारी नवी मालिका निर्माण होते आणि शाखेचे नाव नव्या मालिकेच्या टोकाकडे वळविले जाते, इतकेच.

आता पर्यायांचा विचार करू. शेवटच्या नोंदीचा संदेश चुकला वा एखादी फाइल राहून गेली, तर ‘अमेंड’ पुरेसे आहे. अनेक नोंदी एकत्र करणे, त्यांचा क्रम फिरविणे किंवा एखादी वगळणे असल्यास परस्परसंवादी ‘रिबेस’ योग्य होय. ‘रीसेट’ शाखेला मागील नोंदीवर नेते; त्याचा ‘सॉफ्ट’ प्रकार केलेले काम शाबूत ठेवतो, ‘हार्ड’ प्रकार मात्र न नोंदविलेले बदल पुसून टाकतो आणि ते सहसा परत मिळत नाहीत. समग्र इतिहासातून एखादी फाइल काढावयाची झाल्यास ‘फिल्टर-रिपो’ हे स्वतंत्र साधन वापरावे. ‘रिव्हर्ट’ या सर्वांहून भिन्न आहे : तो काहीच पुन्हा लिहीत नाही, तर जुन्या बदलाचा परिहार करणारी नवी नोंद जोडतो.

निवडीचा निकष एकच : ही शाखा इतरांच्या हाती गेली आहे काय? गेली नसेल तर पुनर्लेखनास प्रत्यवाय नाही. चूक झाल्यास ‘रेफलॉग’मधून निराधार झालेल्या नोंदी सामान्यतः ३० दिवसांपर्यंत परत मिळविता येतात. गेली असेल तर ‘रिव्हर्ट’ हाच श्रेयस्कर मार्ग, कारण सहकाऱ्यांचे काम जुन्याच मालिकेवर उभे असते. नवी मालिका सक्तीने पाठविणे अपरिहार्यच असेल, तर ‘फोर्स-विथ-लीज’ वापरावे. आपण शेवटी पाहिल्यानंतर दूरस्थ शाखेत इतर कोणी भर घातली असल्यास ते पाठवणी नाकारते.

संशोधकाला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. समजा, प्रबंधातील एखादा तक्ता ज्या नोंदीवरून काढला तिची ओळखखूण तेथे दिली आहे. शाखेचे पुनर्लेखन झाले की ती नोंद कोणत्याही नावाशी संलग्न राहत नाही व कालांतराने नष्ट होऊ शकते; मग परीक्षकाला निष्कर्षाचा पडताळा घेता येत नाही. म्हणून उद्धृत नोंदीस आधी टॅग लावून तो सामायिक भांडारात पाठवावा. ‘फिल्टर-रिपो’ मात्र टॅगही नव्या मालिकेकडे वळविते. तेथे मूळ भांडाराची पूर्ण प्रत जतन करणे आवश्यक आहे.

तसेच, चुकून प्रसृत झालेला परवलीचा शब्द इतिहासातून काढल्याने इतरांनी घेतलेल्या प्रतींतून तो जात नाही. तो शब्द प्रथम बदलावा. इतिहासाची स्वच्छता त्यानंतर.